भाड्याच्या घराचं बिल चुकीचं आलंय? प्रॉपर्टी मॅनेजरकडून ते दुरुस्त कसं करून घ्यायचं

12 जूनला आम्ही वाकडच्या टूबीएचकेत शिफ्ट झालो. घरमालक काका नाशिकला राहतात, त्यांनी फ्लॅटचं सगळं एका प्रॉपर्टी मॅनेजमेंटवाल्यांकडे सोपवलेलं, भाडं त्यांच्याकडे भरायचं, लाईट बिल ते भरणार आणि आपल्याकडून घेणार, नळ गळला तरी त्यांनाच फोन. जुलैच्या 3 तारखेला व्हॉट्सॲपवर जूनच्या बिलाची पीडीएफ आली. भाडं 24,000, लाईट 3,296, मेंटेनन्स 3,100, इतर 500, एकूण 30,896 रुपये, 5 तारखेच्या आत भरा नाहीतर लेट फी.

मी तीन दिवस फोनवर भांडले. "बिल खूप जास्त आलंय हो", "मॅडम सिस्टीमने काढलंय", "अहो पण आम्ही 12 तारखेला आलो", "बघतो मॅडम". काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी बसून एक मेल लिहिला, त्यात प्रत्येक ओळ वेगळी, प्रत्येकासमोर आकडा, आणि शेवटी माझा हिशोब: 16,135 रुपये. नऊ दिवसांत दुरुस्त बिल आलं. फरक 14,761 रुपयांचा होता.

तेव्हापासून ऑफिसमधल्या, बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांची बिलं बघून दिली आणि प्रत्येक वेळी हेच दिसलं की "जास्त आलंय" म्हटलं की कुणी ऐकत नाही, "अमुक ओळीत तमुक रुपये चुकलेत आणि हा कागद" म्हटलं की ऐकावंच लागतं. म्हणून मी जे केलं आणि जे आधी करायला हवं होतं ते सगळं इथे लिहितेय. उदाहरणं पुण्यातली आणि महावितरणची आहेत, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर असेल एवढाच फरक.

आधी घरात शिरतानाच करायचं काम

चावी हातात आली की सामान वर चढवायच्या आधी मीटर रूममधे जा. आपल्या फ्लॅटचा मीटर कुठला ते वॉचमनला किंवा मॅनेजरच्या माणसाला विचारा, मीटरवरचा नंबर आणि रीडिंग दोन्ही एका फोटोत येतील असा फोटो काढा, आणि तो लगेच मॅनेजरला पाठवा, खाली लिहा "आज 12 जून, ताबा घेताना रीडिंग 8412". नुसता फोटो आपल्या गॅलरीत ठेवून उपयोग कमी, त्यांच्याकडे त्याच दिवशी पोचला की नंतर कुणी म्हणू शकत नाही की फोटो कधीचा कोण जाणे. पाईप गॅस असेल तर त्या मीटरचाही काढा, हा फोटो बहुतेक लोक विसरतात, आणि एमएनजीएलचं (पुण्यातली पाईप गॅसची कंपनी) बिल दोन महिन्यांनी येतं त्यामुळे आधीच्या भाडेकरूचा वापर आपल्या बिलात येण्याची शक्यता तिथे जास्तच.

दुसरं म्हणजे रजिस्टर झालेलं लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश असलेला कागद) सकट, पीडीएफ आपल्याजवळ हवी. "आमच्याकडे आहे, काळजी करू नका" हे चालत नाही. अजूनही लोकांना वाटतं की 11 महिन्यांचं असलं की रजिस्टर करायची गरज नाही, पण महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे ॲग्रीमेंट लेखी आणि नोंदणी केलेलं असावंच लागतं आणि ती जबाबदारी घरमालकाची. त्याच कलमात हेही आहे की रजिस्टर ॲग्रीमेंट नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जाईल, समोरच्याने उलट सिद्ध केलं नाही तर. म्हणजे कागद नसणं हे त्यांच्याच अंगाशी येणारं आहे, हे लक्षात ठेवा, वापरायची वेळ येऊ शकते.

तिसरी गोष्ट, मॅनेजरला पैसे कुठल्या अकाउंटवर द्यायचे हे घरमालकाकडून एकदा लेखी घ्या. मेसेज चालेल: "भाडं यांच्याच या खात्यावर भरावे". एवढी एक ओळ असली की उद्या मालक आणि मॅनेजर यांचं आपसात फिसकटलं तरी "आमच्यापर्यंत भाडं आलंच नाही" ही कटकट तुमच्या मागे लागत नाही.

बिल आलं की पहिला दिवस: ओळ न ओळ वेगळी करा

एकूण रकमेकडे बघूच नका. एक कागद घ्या किंवा एक्सेल उघडा, चार रकाने पाडा: बिलातली ओळ, त्यांनी लावलेले रुपये, माझ्या हिशोबाने किती, आणि कशाच्या आधारावर. हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तिथे काही लिहिता येत नसेल तर तुमची तक्रार अजून तयार नाहीये असं समजा.

मग ॲग्रीमेंट काढून फक्त पैशांची कलमं वाचा. भाडं किती, कुठल्या तारखेपासून, मेंटेनन्स कोण भरणार, लाईट-गॅस कोणाकडे, लेट फी आहे का आणि किती, डिपॉझिटमधून काय कापता येईल. आमच्या ॲग्रीमेंटमधे सरळ लिहिलेलं होतं की सोसायटीचे चार्जेस आणि प्रॉपर्टी टॅक्स मालक भरणार, तरी बिलात 3,100 मेंटेनन्स आलेलंच. मॅनेजर लोकांकडे शेकडो फ्लॅट असतात, एकाच साच्यात सगळ्यांची बिलं निघतात, आधीच्या भाडेकरूच्या ॲग्रीमेंटमधे मेंटेनन्स वेगळं असेल तर ते तसंच पुढे चालू राहतं. बहुतेक वेळा फसवणूक नसते, कुणीतरी जुनी नोंद बदललेली नसते. म्हणून पहिल्याच मेलमधे "तुम्ही लुटताय" वगैरे लिहू नका, त्याने समोरचा माणूस हिशोब बघायचं सोडून स्वतःची बाजू मांडत बसतो.

कुठल्या चुका नेहमी सापडतात

अर्धवट महिन्याचं भाडं ही पहिली. 12 जूनला ताबा म्हणजे 12 ते 30, दोन्ही दिवस धरून 19 दिवस. 24,000 भागिले 30 म्हणजे दिवसाचे 800, गुणिले 19, झाले 15,200. आम्हाला पूर्ण 24,000 लावलेले, म्हणजे 8,800 एकाच ओळीत जास्त. घर सोडताना हाच हिशोब उलट्या बाजूने तपासा. आणि भाडेवाढ असेल तर तारीख बघा, ॲग्रीमेंटमधे वाढ 12 जूनपासून असेल तर 1 जूनपासून लावता येत नाही.

लाईट बिल हे दुसरं आणि याच्यावर जरा वेळ द्या, कारण इथे तीन-चार चुका एकत्र असतात आणि त्या एकूण रकमेत दिसत नाहीत. मॅनेजरने फक्त आकडा पाठवला असेल तर महावितरणचं मूळ बिल मागा. देत नसतील तर 12 आकडी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या साइटवर किंवा ॲपवर स्वतः बघा. मग मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि थकबाकी या तीन जागा शोधा. आमच्या बिलात मागील रीडिंग 8301, चालू 8497, म्हणजे 196 युनिट, चालू बिल 2,156, आणि खाली थकबाकी 1,140. आता माझ्या फोटोत ताब्याच्या दिवशी 8412 होतं. म्हणजे आमचे युनिट 8497 वजा 8412, फक्त 85. उरलेले 111 युनिट आम्ही यायच्या आधी रंगकाम, साफसफाई चाललेली त्याचे, आणि थकबाकी तर सरळसरळ आधीच्या भाडेकरूची. 2,156 भागिले 196 म्हणजे सरासरी 11 रुपये युनिट, गुणिले 85, झाले 935 रुपये. लावलेले 3,296!

इथे कुणी म्हणेल की सरासरी काढणं बरोबर नाही कारण महावितरणचे दर स्लॅबप्रमाणे असतात, पहिले 100 युनिट स्वस्त, मग 101 ते 300 महाग, मग अजून महाग. बरोबर आहे, 85 युनिटचं बिल वेगळं काढलं असतं तर ते अजून कमी आलं असतं. पण मग पुढच्या 111 युनिटचा महाग भाग कुणाच्या माथी मारायचा हा वाद सुरू होतो आणि महिना त्यातच जातो. सरासरी दोघांनाही पटते, मॅनेजरला कॅल्क्युलेटरवर लगेच करून बघता येते, मी तरी तीच वापरते.

बिलाच्या तारखा पण बघा. महावितरणच्या बिलावर लवकर भरलं तर थोडी सूट, मग देय तारीख, आणि त्यानंतर भरलं तर 1.25 टक्के विलंब आकार असं असतं. तुम्ही मॅनेजरला 5 तारखेला पैसे दिले आणि त्याने महावितरणला 25 तारखेला भरले तर तो विलंब आकार त्याचा, तुमचा नाही. रक्कम लहान असते, वीस-तीस रुपये, पण दर महिन्याला येते आणि कधीकधी त्याची थकबाकी होऊन पुढच्या बिलात परत दिसते, म्हणजे तेच पैसे दोनदा. पेमेंटची तारीख साइटवर दिसते, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

सब-मीटर असेल, म्हणजे एका मुख्य मीटरवर तीन-चार खोल्या, वनआरके, पीजी वगैरे, तर एक सोपी परीक्षा घरीच करता येते. दुपारच्या वेळी घरातले सगळे एमसीबी खाली पाडा, फ्रिज सकट, आणि सब-मीटरवरची लाल लाईट बघत उभे रहा. घरात काहीच चालू नसताना ती लुकलुकत असेल तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाचं तरी कनेक्शन आहे, जिन्यातले दिवे, पाण्याची मोटर, शेजारची खोली, काहीही. माझ्या मैत्रिणीकडे पॅसेजमधल्या दोन ट्यूबलाईट आणि वाय-फायचा डबा तिच्या मीटरवर होता, वर्षभर. त्याचा व्हिडिओ काढा, एमसीबी पाडलेले आणि मीटर एकाच व्हिडिओत यायला हवं. दुसरी परीक्षा, मीटर पळतोय अशी शंका असेल तर. फक्त 2000 वॅटचा गीझर 15 मिनिटं चालवला तर अर्धं युनिट व्हायला हवं, म्हणजे रीडिंग 0.5 ने वाढावं. 0.8 वाढलं तर मीटर तपासून मागा. गीझर मधेच गरम होऊन बंद पडतो म्हणून नळ सोडून ठेवा, बादल्या आधी रिकाम्या करा, पाणी वाया घालवू नका. आणि सब-मीटरवाल्यांनी मुख्य मीटरचं बिल मागायलाच हवं, सगळ्या सब-मीटरची बेरीज मुख्य मीटरच्या युनिटपेक्षा जास्त भरली तर कुठेतरी कुणीतरी जास्त भरतंय.

मेंटेनन्सची ओळ असेल आणि ती तुमच्याकडे आहे असं ॲग्रीमेंट म्हणत असेल तरी सोसायटीच्या बिलाची कॉपी मागा. त्यात सर्व्हिस चार्जेस, सिंकिंग फंड, रिपेअर फंड, नॉन-ऑक्युपन्सी, पार्किंग अशा ओळी असतात. सिंकिंग फंड आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी हा मालमत्तेसाठी असतो, तो मालकाचा, ॲग्रीमेंटमधे वेगळं काही लिहिलं नसेल तर. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस तर मालक स्वतः राहत नाही म्हणूनच सोसायटी त्याला लावते, आणि महाराष्ट्र सरकारच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाप्रमाणे सहकारी गृहनिर्माण सोसायटीला ते सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. तुमच्या बिलात "एनओसी चार्जेस 1,500" (इथे एनओसी म्हणजे हेच नॉन-ऑक्युपन्सी) असं काही दिसलं तर हे कुठल्या हिशोबाने, एवढं विचाराच. उन्हाळ्यात टँकरचे पैसे येतात, तिथे सोसायटीची नोटीस किंवा व्हाउचर मागा, फ्लॅट किती आणि प्रत्येकी किती ते जुळलं पाहिजे.

जीएसटी. हे गेल्या काही वर्षांत वाढलंय. तुम्ही जीएसटी रजिस्टर्ड नाही, घर राहायला घेतलंय, तर घरभाड्यावर जीएसटी लागत नाही. मॅनेजर स्वतःची सर्व्हिस फी तुमच्याकडून घेत असेल आणि तो रजिस्टर्ड असेल तर त्या फीवर 18 टक्के लागू शकतो, पण फक्त फीवर. भाडं अधिक मेंटेनन्स अधिक लाईट या सगळ्याची बेरीज करून त्यावर 18 टक्के लावलेलं बिल मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. बिलावर 15 अक्षरी जीएसटी नंबर नसेल तर जीएसटीचे पैसे देऊच नका, असेल तर जीएसटी पोर्टलवर टाकून बघा नाव जुळतंय का.

टीडीएस हा मोठ्या भाड्यावाल्यांचा विषय. महिन्याचं भाडं 50,000 च्या वर असेल तर भाडेकरूने टीडीएस (मालकाच्या वतीने भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो, ऑक्टोबर 2024 पासून 2 टक्के. 55,000 भाडं असेल तर वर्षाचे 13,200 शेवटच्या महिन्यात कापले जातात, आणि मॅनेजरच्या सिस्टीममधे "13,200 बाकी" दिसतं, वर लेट फी. टीडीएसचं सर्टिफिकेट मेलला जोडा, विषय संपतो. मालक परदेशात राहणारा एनआरआय असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी टीडीएसची जबाबदारी तुमच्यावर येते आणि नियम वेगळे आहेत, तिथे एकदा सीएला विचारा, स्वतः डोकं लावू नका.

"इतर", "मिसलेनियस", "ॲडजस्टमेंट" असल्या ओळींना एकच प्रश्न: कशाचे? उत्तर आणि पावती येईपर्यंत शून्य धरा. आमचे 500 कशाचे होते ते शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही.

आणि हो, चूक तुमच्या फायद्याची असेल तरी सांगा. दोन महिने गॅसचं बिल लावायला विसरले, आपण गप्प बसलो, तर आठ महिन्यांनी सगळं एकदम येतं आणि त्यावर लेट फी. शिवाय तुम्ही स्वतःहून सांगितलेलं असलं की पुढच्या वेळी तुमच्या आकड्यावर विश्वास बसतो, हा अनुभव आहे.

मेल कसा लिहायचा

फोन करा, पण फोन झाल्यावर मेल कराच. मालकाला सीसीमधे ठेवा, पहिल्याच मेलपासून, नंतर ठेवलं तर ते तक्रार केल्यासारखं वाटतं. भाषा समोरच्याला येते ती, आमच्या मॅनेजरची टीम मराठीच होती म्हणून मी मराठीत लिहिला. तो साधारण असा होता:

"विषय: फ्लॅट 604, जून महिन्याच्या बिलात दुरुस्ती

नमस्कार, 3 जुलै रोजी मिळालेल्या 30,896 रुपयांच्या बिलात पुढील चार ठिकाणी फरक आहे.

भाडे: ताबा 12 जूनचा, 19 दिवसांचे 15,200 होतात, बिलात 24,000 आहेत. आधार: ॲग्रीमेंटमधील सुरुवातीची तारीख.

वीज: ताब्याच्या वेळचे रीडिंग 8412, त्याच दिवशी तुम्हाला पाठवलेला फोटो सोबत. आमचे 85 युनिट, सरासरी 11 रुपयांनी 935. 1,140 ची थकबाकी आमच्या आधीची आहे.

मेंटेनन्स 3,100: ॲग्रीमेंटनुसार मालकाकडे.

इतर 500: कशाचे ते कळवावे, पावती मिळाल्यावर विचार करू.

आमच्या हिशोबाने देय रक्कम 16,135 रुपये. ती आज भरत आहोत, यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) खाली देत आहे. 14,761 रुपये कमी करून दुरुस्त बिल 14 जुलैपर्यंत पाठवावे. तोपर्यंत वादातल्या रकमेवर लेट फी लावू नये ही विनंती."

यात एकही विशेषण नाही बघा. रक्कम, कारण, कागद, तारीख. मोठा निबंध लिहिला तर तो कुणी वाचत नाही, आणि सहा मुद्दे असले की समोरचा सगळ्यात कमकुवत मुद्दा पकडून त्यावरच उत्तर देतो. ज्याचा कागद नाही तो मुद्दा वेगळ्या मेलमधे विचारा.

पैसे थांबवायचे की भरायचे?

सगळे पैसे थांबवू नका. ही चूक सगळे करतात, रागाच्या भरात भाडंच देत नाहीत, आणि मग विषय बिलाच्या चुकीचा न राहता "भाडेकरू भाडं देत नाही" असा होऊन बसतो. जी रक्कम तुम्हाला मान्य आहे ती मुदतीच्या आत, बँकेतून, यूपीआयच्या रिमार्कमधे "जून भाडे 15200 वीज 935" असं लिहून भरा. कॅश देऊ नका, दिलीच तर पावतीशिवाय हात सोडू नका.

कधीकधी मात्र पूर्ण भरावं लागतं, ॲपमधे कमी रक्कम भरताच येत नाही किंवा लाईट कापायची वेळ आलीये. तेव्हा भरा आणि त्याच मिनिटाला मेल करा की "रक्कम हरकत नोंदवून भरली आहे, 14,761 परत मिळावेत". मेल दुसऱ्या दिवशी गेला तर त्याचं वजन कमी होतं.

"पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करतो" हे नेहमीचं उत्तर. चालेल, पण लेखी आणि आकड्यासकट, आणि पुढच्या बिलात ती वजाबाकी वेगळ्या ओळीत दिसायला हवी. आणि "डिपॉझिटमधे बघून घेऊ" हे मात्र कधीच मान्य करू नका, डिपॉझिट परत मिळायच्या वेळी ते आठवणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो.

उत्तरच आलं नाही तर

सात दिवसांनी त्याच मेलला रिप्लाय करून आठवण, नवा मेल नको, साखळी एकच राहू दे. अजून सात दिवसांनी मालकाला फोन. इथे मला एक सांगायचंय, मालकाशी बोलताना मॅनेजरची तक्रार करू नका, हिशोब सांगा. मी काकांना म्हटलं, "काका, तुमच्या नावाने आमच्याकडून मेंटेनन्स घेतलंय, सोसायटीला दोनदा भरलं गेलंय का एकदा बघता का?" काकांनी सोसायटीच्या ऑफिसात फोन केला तर त्यांनी स्वतः भरलेलंच होतं. मग पुढचं त्यांनीच बघितलं. लक्षात घ्या, ॲग्रीमेंट तुमचं आणि मालकाचं आहे, मॅनेजर मालकाच्या वतीने काम करतो, त्यामुळे त्याच्या चुकीची शेवटची जबाबदारी मालकापर्यंत जाते आणि हे मालकाला कळलं की चक्रं फिरतात.

पाणी-लाईट बंद करायची धमकी आली तर ती मेसेजवर येईल असं बघा, फोनवर आली तर "तुम्ही आत्ता म्हणालात की..." असा मेसेज लगेच टाका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 मधे घरमालकाने स्वतः किंवा त्याच्या वतीने काम करणाऱ्या कुणीही योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडू नये असं आहे. लिव्ह अँड लायसन्समधे कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरू नाही, लायसन्सी (परवान्यावर राहणारे) असतो, त्यामुळे हे कलम नोटिशीत टाकण्याआधी वकिलाला ॲग्रीमेंट दाखवा. महावितरणला सुद्धा थकबाकीसाठी वीज तोडायच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, वीज कायदा 2003 चं कलम 56.

महिना झाला तरी हालचाल नाही, तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पत्र, मालक आणि मॅनेजर दोघांना, मेलचाच मजकूर, 15 दिवसांची मुदत. वकिलाची नोटीस लगेच नको, तिचा खर्चच कधीकधी वादाच्या रकमेएवढा होतो.

त्यानंतर रस्ता कुठला ते तुम्ही मॅनेजरला स्वतः फी देता की नाही यावर ठरतं. कोलिव्हिंगवाले किंवा ॲपवाले तुमच्याकडून सर्व्हिस फी घेत असतील तर तुम्ही त्यांचे ग्राहक आहात, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा, ती फुकट आहे आणि बऱ्याच कंपन्या तिथेच मिटवतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते, सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात जाता येतं, म्हणजे घर सोडून सोलापूरला परत गेलात तरी तिथून लढता येतं. मॅनेजरला फी फक्त मालक देत असेल तर तुमचं भांडण मालकाशी, पैशांचा दावा दिवाणी कोर्टात. पण त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून बघा, पुण्यात ते शिवाजीनगर कोर्टात आहे, दावा दाखल न करता दोन्ही बाजूंना बोलावून लोकअदालतीत मिटवायची सोय असते. पंधरा-वीस हजारांच्या वादाला हाच रस्ता मला सगळ्यात योग्य वाटतो.

घर सोडतानाचं शेवटचं बिल

इथे रक्कम मोठी आणि आपली घाई असते, म्हणून चुका इथेच जास्त पचतात. सोडायच्या दिवशी परत मीटरचा फोटो, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, नळ सोडून, पंखे लावून, भिंती दाखवून. मॅनेजरचा माणूस समोर असताना. पेंटिंगचे एक महिन्याचं भाडं कापणार असं ॲग्रीमेंटमधे असेल तर ते द्यावं लागतं, नसेल तर नेहमीच्या वापराने भिंत मळणं, बिजागरी सैल होणं याचे पैसे तुमच्यावर येत नाहीत, बहुतेक ॲग्रीमेंटमधे नेहमीची झीज सोडून असं लिहिलेलंच असतं. "डीप क्लीनिंग 4,500, प्लंबिंग 2,200" अशी कापाकापी आली तर प्रत्येकाचं ज्याने काम केलं त्याचं बिल मागा, मॅनेजरने स्वतःच्या लेटरहेडवर लिहिलेला आकडा म्हणजे बिल नव्हे. शक्य असेल तर चावी आणि डिपॉझिट एकाच दिवशी, एकाच टेबलावर. लाईटचं शेवटचं बिल यायचंय म्हणून सगळं डिपॉझिट अडकवत असतील तर शेवटच्या रीडिंगवरून अंदाजे रक्कम काढून तेवढीच मागे ठेवा म्हणा, उरलेले आत्ता.

हिशोब मिटला की "फ्लॅटच्या संदर्भात कोणतीही रक्कम येणे बाकी नाही" असं एका ओळीचं पत्र किंवा मेल दोघांकडून घ्या. आणि फाईल लगेच डिलीट करू नका, ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं आणि पैशांच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षं मुदत असते, तेवढा काळ मीटरचे फोटो, मेल आणि यूटीआर नंबर एका फोल्डरमधे पडून राहू देत, फोल्डरला फ्लॅटचा नंबर आणि घर सोडल्याची तारीख द्या म्हणजे शोधताना सापडेल.